बर्म्युडा, चपला आणि उपाशी यजमान

प्रश्न : ताई, मागच्या महिन्यात आम्ही सहाजण एका रिसॉर्टवर राहिलो. पॅकेजमध्ये तिथल्या खास रेस्टॉरंटमधलं एक रात्रीचं जेवण होतं. दारातच यांना अडवलं, कारण बर्म्युडा आणि चपला. मागून माझी भाची त्याहून आखूड शॉर्ट्स आणि चपला घालून आत गेली, तिला कुणी हटकलं नाही. हे चिडले आणि खोलीवर जाऊन उपाशी झोपले. नणंद म्हणते, नियम तो नियम, दादानेच हट्ट केला. मला हा रिसॉर्टवाल्यांचा माज वाटतो. कोणाचं बरोबर?

उत्तर : मी नणंदबाईंच्याच बाजूने बोलले असते, पण तुमच्या भाचीने घोटाळा केला.

बावीस वर्षं मी हॉटेलच्या फ्रंट ऑफिसात काढली, म्हणजे त्या दारात पाहुण्यांना अडवणारी मीही होते. ओल्या पोहण्याच्या कपड्यांत किंवा अनवाणी आलेल्याला आत सोडू नये, यावर माझ्याशी वाद घालू नका. गादीच्या खुर्च्या भिजतात, आणि ग्लास फुटला की काचेचा बारीक तुकडा कुठे उडेल सांगता येत नाही. पण फुलपँटचं काय? आमच्या काउंटरमागच्या कपाटात उसन्या द्यायला तीन काळ्या पँटी आणि दोन कोट असत. कोट मोठ्यात मोठ्या मापाचे, कुणालाही चढावेत म्हणून. एका सडपातळ गृहस्थांना मी त्यातला एक दिला. बाह्या बोटांच्या टोकांपर्यंत आल्या, खिशात हात घातला तर आदल्या कुणाची तरी टूथपिक निघाली. बिचारे निमूट आत गेले आणि प्रत्येक घासाला डाव्या हाताने उजवी बाही मागे सारत जेवले. आमच्या रेस्टॉरंटची शान त्यांनी कशी काय राखली, हे मला आजही कळलेलं नाही.

गंमत म्हणजे ज्या बेटाचं नाव या चड्डीला मिळालं, त्या बर्म्युडात ती गुडघ्यापर्यंतचे मोजे, ब्लेझर आणि टाय यांच्यासोबत चक्क ऑफिसला घालतात!

तरीही संध्याकाळी नटूनथटून आलेल्यांना आजूबाजूला तसंच वातावरण हवं असेल, तर त्यात मला गैर वाटत नाही. त्यांनीही पैसे मोजलेले असतात. मात्र नियम बुकिंगच्या वेळी कळायला हवा. 'स्मार्ट कॅज्युअल' एवढंच लिहून भागत नाही. त्यात कुठे जीन्स चालते, कुठे नाही. पुरुषांसाठी फुलपँट, कॉलरचा शर्ट, बंद बूट असं सविस्तर लिहितात आणि बायकांसाठी नुसतं 'साजेसा पोशाख', मग दारावरचा माणूस ठरवेल ते. तुमच्या यजमानांवर अन्याय झाला तो इथे. रिसॉर्टला ईमेल करा, पण बर्म्युडाबद्दल नाही, भाचीबद्दल लिहा. फक्त तिला आधी सांगून ठेवा.

पुढच्या वेळी बुकिंग करतानाच विचारा : चड्डी चालते का, बूट लागतात का? उत्तर लेखी घ्या. एक लिननची पँट बॅगेत टाका, तिचं ओझं होत नाही.

आणि उपाशी झोपायचं कारण काय? अशा ठिकाणी बुफेच्या हॉलमध्ये बहुधा बर्म्युडा चालते. बाकी तुम्ही पाचजण त्या रात्री आत जाऊन जेवलात की नाही, ते मात्र पत्रात लिहिलेलं नाही.