डबल बेल : तळ्याकाठी चार दिवस

प्रश्न : आम्ही दोघी शाळेपासूनच्या मैत्रिणी, आता सत्तेचाळीस वर्षांच्या. मेच्या दुसऱ्या आठवड्यात चार दिवस घराबाहेर पडायचं आहे. मला कोकण हवं, पण किनाऱ्यावरची गर्दी नको. एखाद्या तळ्याकाठी पुस्तक घेऊन बसायचं आहे. मैत्रिणीला स्कूबा, किल्ला, डोंगर असं सगळंच हवं. मला पोहता येत नाही, तिला एका जागी बसता येत नाही. गाडी न्यायची नाही. भांडण न होता हे जमेल का?
– एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : ताई, भांडण होणार हे धरूनच निघा. माझं आणि माझ्या ड्रायव्हरचं सतरा वर्षं झालं आणि अजून आम्ही एकमेकांच्या घरी गणपतीला जातो.

मी कुडाळ आगारात कंडक्टर होतो. बहुतेक ड्युटी कुडाळ-मालवण. नेरूर, नेरूरपारचा पूल, काळसे, धामापूर, चौके, मालवण. हा क्रम मला रामरक्षेसारखा पाठ आहे. धामापूरला तळं आहे आणि काठावर भगवतीचं देऊळ. सतरा वर्षांत कितीदा त्या बाजूने गेलो, पण त्या पाण्याला हात म्हणून लावला नाही. देवळाचे पाहुणे उतरवायचे, बेल मारायची, पुढच्या थांब्याची तिकिटं फाडायची. दोघेही वर्षभराच्या अंतराने निवृत्त झालो. तेव्हा ड्रायव्हर म्हणाला, “मास्तर, एकदा धामापूराक उतरूया. रवाक.” २०१६ च्या मे महिन्यात उतरलो आणि चार दिवस राहिलो. तुमच्या प्रश्नाचं उत्तर म्हणजे ते चार दिवस.

तर मुक्काम धामापूरला करा आणि सगळ्या रात्री तिथेच झोपा. रोज नवं गाव, रोज नवी खोली असं करू नका. बॅग भरण्यात आणि उघडण्यात अर्धी सहल जाते, आणि भांडणंही त्याच वेळी होतात. “माझा चार्जर कुठाय” इथून सुरुवात होते. एक जागा धरलीत की मैत्रीण सकाळी मालवणला जाईल, तुम्ही तळ्याच्या पायरीवर बसाल, संध्याकाळी दोघी एका ताटात जेवाल. आम्ही हेच केलं. फरक एवढाच, की आमच्यात पायरीवर बसणारा मी.

खोली ठरवताना आमची फसगत झाली ती सांगतो. फोनवर माणूस म्हणाला, “तळ्याकाठचीच खोली.” जाऊन पाहतो तर खिडकीसमोर हातभर अंतरावर चिऱ्याचा गडगा, म्हणजे कुंपणाची भिंत, आणि तळं गडग्यापलीकडे, उतारापलीकडे, कुणाच्या तरी काजूच्या बागेपलीकडे. ड्रायव्हर खिडकीत उभा राहून म्हणाला, “मास्तर, दिसता काय रे तळा?” दुसऱ्या दिवशी सकाळी देवळापाशी एक आजी भेटल्या. त्यांनी मला आधी ओळखलं, मी त्यांना नंतर. त्यांचा भाचा मालवणला शिकायला होता आणि त्याचा जेवणाचा डबा रोज आमच्या गाडीने जायचा. गडग्याची हकीकत ऐकून त्या म्हणाल्या, “आठ वर्सां माझ्या भाच्याचो डबो तुमच्याच गाडयेतसून गेलो. आता तुमी गडग्याकडे बघत रवतलास?” दुपारपर्यंत आमच्या पिशव्या त्यांच्या पडवीत होत्या. तुमच्याकडे असा डबा नाही, म्हणून फोनवर “तळ्याकाठी आहे का” असं विचारू नका. “पायरीपर्यंत चालत किती मिनिटं” असं विचारा, आणि जेवण घरचं आहे ना हेही विचारून घ्या.

आता तळ्याबद्दल. हे मानवनिर्मित आहे, हे आम्हाला दोघांनाही तिथे राहिल्यावर कळलं. मी इतकी वर्षं ते आपोआप साठलेलं पाणी समजत होतो. १५३० साली विजयनगरचे मांडलिक नागेश देसाई यांनी दोन टेकड्यांमधली खिंड मातीचा बांध घालून अडवली आणि पाणी साठवलं. म्हणजे सिंधुदुर्ग किल्ल्याच्याही आधी सव्वाशेहून अधिक वर्षं. अजून ते पाणी शेतीला जातं, मालवण शहराच्या नळालाही जातं. २०२० मध्ये सिंचनाच्या जागतिक संस्थेने त्याला वारसा सिंचन स्थळाचा मान दिला. आम्ही गेलो तेव्हा हे काही नव्हतं, तेव्हा फक्त पाणी होतं. मालवणचे लोक ते पाणी पितात, एवढं लक्षात ठेवून पायरीवर साबण काढू नका. पाण्यात उतरूही नका. तळं खोल आहे आणि काठाजवळ वेल-पानांचा गुंता आहे.

गावात एक कथा सांगतात. लग्नकार्य असलं की गरिबाने फुलांचे दागिने करून परडीतून तळ्यात सोडायचे. परडी बुडायची आणि वर यायची ती सोन्याचे दागिने घेऊन. कार्य झालं की ते परत सोडायचे. मग कुणीतरी परत केले नाहीत आणि देवी द्यायची थांबली. ड्रायव्हरने हे ऐकून विचारलं, “डिपॉझिट घेत नाय होते?” आजींनी त्याला रात्री दुसरा मासा वाढला नाही.

तुम्ही पुस्तक घेऊन बसणार आहात, म्हणून वेळ सांगतो. सकाळी सहा ते साडेआठ. नऊनंतर मेचं ऊन पाण्यावरून डोळ्यांत येतं. देवळाच्या पायऱ्या थेट पाण्यात उतरतात. शेवटच्या कोरड्या पायरीवर बसा. पहिल्या सकाळी मी पेपर नेला होता, तो उघडलाच नाही. समोर पाण्यावर वाकलेली एक फांदी, तिच्या टोकाला खंड्या. तो खाली बघत होता आणि मी त्याच्याकडे. बराच वेळ काहीच झालं नाही. मग एकदम पाण्यावर टिचकी मारल्यासारखा आवाज, आणि तो पुन्हा त्याच फांदीवर, चोचीत करंगळीएवढा मासा. त्याने तो फांदीवर दोनदा आपटला. मासा सरळ केला, डोकं आत, गिळला, आणि पुन्हा खाली बघायला लागला. आयुष्यभर मिनिटांवर चाललेला माणूस मी, त्या दिवशी घड्याळ खोलीत राहिलंय हे मला साडेदहाला कळलं. पाऊस जवळ आला की नवरंग पक्षीही येतो. रानातून दोन सुरांची शीळ ऐकू आली तर तो तोच. शीळ फांदीवरूनही घालतो, एरवी जमिनीवर पाचोळा उसकत असतो.

बोटीत बसायचं तर आधी जाकीट घाला, पोहता येवो न येवो. आम्ही पायडलची बोट घेतली. विनाअपघात सेवेचा बिल्ला मिळालेला माझा ड्रायव्हर सुकाणूला, मी शेजारी. त्याने डावीकडे ओढलं, बोट उजवीकडे. उजवीकडे ओढलं, बोट जागच्या जागी फिरायला लागली. “ब्रेक खंय आसा ह्येका?” असं विचारता विचारता आम्ही कुमुदिनीच्या पानांत घुसलो आणि पायडल गच्च. बोटवाल्याने बांबूने ढकलून बाहेर काढलं. काठावर देवदर्शनाला आलेलं आख्खं कुटुंब आमच्याकडे बघत होतं. त्यातला एक पोरगा ओरडला, “मास्तर, डबल बेल!” या सदराचं नाव तिथून आलं.

मैत्रिणीची सोय मालवणला आहे. सकाळची पहिली एसटी धरायची. पण कंडक्टरच्या घरची एक गोष्ट ऐका : मेमध्ये शाळांना सुट्टी, म्हणून शाळेच्या फेऱ्या बंद असतात. जानेवारीत कुणी टिपून ठेवलेलं वेळापत्रक मेमध्ये चालत नाही. मालवण स्टँडवर उतरल्या उतरल्या चौकशीच्या खिडकीत परतीची शेवटची गाडी विचारा, मगच बंदरावर जा. गाडी चुकली तर रिक्षा आहे, पण भाडं बसण्याआधी ठरवा.

स्कूबा मालवण-तारकर्लीला होतं. मेच्या दुसऱ्या आठवड्यात चालू असतं. शेवटच्या आठवड्यात पावसाळ्यासाठी पाण्यातले खेळ बंद होतात, तेव्हा तारीख पुढे ढकलू नका. सकाळी लवकर पाणी नितळ असतं, वारा वाढला की गढूळतं. दमा, बीपी, कानाचं दुखणं असेल तर लपवू नका. पोटभर खाऊनही जाऊ नका. माझा ड्रायव्हर एकोणसाठाव्या वर्षी उतरला. प्रशिक्षकाने त्याला मागून धरलेलं होतं. वर आल्यावर तो बराच वेळ गप्प बसला. इतका गप्प मी त्याला संपाच्या दिवशीसुद्धा पाहिला नव्हता. मग म्हणाला, “मास्तर, खाली एकपण हॉर्न नाय.”

सिंधुदुर्ग किल्ल्याला मात्र तुम्हीही जा. होडीने जायचं, जाकीट घालून. कुरटे बेटावर २५ नोव्हेंबर १६६४ ला महाराजांनी पायाभरणी केली आणि तीन वर्षांत किल्ला उभा केला. सगळे तट बघायला पळतात. तुम्ही आधी विहिरी बघा : दूधबाव, दहीबाव, साखरबाव. चारी बाजूंना खारं पाणी आणि मधे गोडं. तळ्याकाठून आलेल्या माणसाला हे जास्त कळतं. महाराजांच्या हातापायाचे ठसे चुन्यात उमटलेले आहेत, तेही दाखवतात. उन्हाची टोपी न्या, तटावर सावली नाही.

तिसऱ्या दिवशी कुडाळच्या बाजूला या. वालावलच्या लक्ष्मीनारायणाच्या देवळाला लागून तळं आहे. धामापूरपेक्षा लहान, पण माझ्या मते दुपारी बसायला जास्त चांगलं, कारण सावली मिळते. देवळाचे लाकडी खांब बघा. कुडाळजवळ पिंगुळीला ठाकर समाजाची चित्रकथीची, म्हणजे चित्रं दाखवत गोष्ट सांगण्याची, आणि कळसूत्री बाहुल्यांची परंपरा आहे. तिथल्या परशुराम गंगावणे यांना २०२१ ची पद्मश्री मिळाली. नेरूर, वालावल, पिंगुळी एका रिक्षात एका दिवसात होतं.

चौथ्या दिवशी सावंतवाडी. तिथून परतीची गाडी मिळते, म्हणून शेवटी ठेवा. गावाच्या मधोमध मोती तलाव, समोर राजवाडा. वाड्यात गंजिफा, म्हणजे खेळायचे गोल पत्ते, हाताने रंगवताना बघायला मिळतात. दशावतारी गंजिफेचा डाव १२० पानांचा, दहा अवतार आणि प्रत्येकाची बारा पानं. चितारआळीत लाकडी खेळणी, फळं. घासाघीस करा, पण फार नको. मुक्कामाला मला सावंतवाडी चालली नसती. तिथे तळ्याभोवती रस्ता आहे, आणि रस्त्याचं मी आयुष्यभर पुष्कळ बघितलंय.

जेवायला काय, ते मुक्कामाच्या घरचे ठरवतील. सकाळी घावणे किंवा पेज मागा, दुपारी तिरफळ घातलेला बांगडा, मासे खात नसाल तर काळ्या वाटाण्याचं सांबारं. तो ऑर्डर द्यायचा प्रकार नव्हे, आदल्या रात्री वाटाणे भिजत घालायला सांगावं लागतं.

आणि भांडण? आमचं तिसऱ्या रात्री झालं. ड्रायव्हर म्हणाला, सतरा वर्षांत तू तीनदा माणूस उतरायच्या आधी बेल मारलीस. मी म्हटलं, दोनदा. मग पडवीत अंधारात बसून आम्ही तिसरी वेळ शोधत होतो. समोरच्या झाडावर काजवे लागले होते. ती वेळ चौक्याची निघाली. चूक माझीच होती.

प्रश्न : एसटीत बायकांना अर्धं तिकीट लांबच्या गाडीलाही आहे का? माझी आई ७६ वर्षांची आहे, तिला काय लागेल?
– एक वाचक, सांगली

उत्तर : आहे. मार्च २०२३ पासून महिलांना एसटीच्या सगळ्या प्रकारच्या गाड्यांत, राज्याच्या हद्दीपर्यंत, निम्मं भाडं. आईला पंचाहत्तरी पार झाल्याने मोफत. वयाचा पुरावा हातात ठेवा, पिशवीच्या तळाशी नको. मागे वीस माणसं उभी असताना कंडक्टर तुमच्या पिशवीकडे बघत राहतो, तेव्हा त्याच्या मनात काय येतं ते मला माहीत आहे.

प्रश्न : मेअखेर कोकणातून रातांबे (कोकमाची फळं) आणले, घरी पोचेपर्यंत काळे पडून पाणी सुटलं. काय चुकलं?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : प्लास्टिकच्या पिशवीत बांधले असणार. करंडीत किंवा खोक्यात, खाली पानं घालून, दोन-तीन थरच ठेवा, आणि गाडीत सीटखाली नको, तिथे तापतं. त्याहून बरं म्हणजे आणूच नका. जिथे उतरलात तिथेच शेवटच्या दिवशी बसून फोडा, बिया काढा, सालीच्या वाट्यांत साखर भरा, बरणीत दाबून उन्हात ठेवा. बरणी घेऊन गाडीत बसा. झाकण घट्ट लावा. एकदा आमच्या गाडीत अशी बरणी नेरूरपारच्या पुलावर उलटली होती, आणि मालवणपर्यंत सगळ्या प्रवाशांच्या चपला चिकटत होत्या.