रॉक कॉन्सर्ट : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

प्रश्न : आवडत्या गायकासाठी दुपारपासून रांगेत उभा राहून अगदी पुढचा कठडा गाठला. पण ड्रम्सच्या दणदणाटात त्याचे शब्दच कळेनात. असं का?
– एक वाचक, डोंबिवली

मुख्य स्पीकर मंचाच्या दोन्ही बाजूंना केळीच्या घडासारखे वाकवून उंच टांगतात आणि त्यांचा रोख मागच्या गर्दीकडे असतो. तो आवाज कठड्यापाशी उभ्या माणसाच्या डोक्यावरून जातो. त्याच्या वाट्याला येतात थेट ड्रम्स, गिटारचे ॲम्प्लिफायर आणि मंचाखालचे सबवूफर, म्हणजे खर्जाचे मोठे स्पीकर. गायकाचा आवाज मंचाच्या कडेला ठेवलेल्या छोट्या फ्रंट-फिल (खास पुढच्या रांगेसाठीच्या) स्पीकरमधून येईल तेवढाच.

नीट ऐकायचं असेल तर मैदानाच्या मध्यावर साउंड मिक्सरचा मांडव शोधा आणि त्याच्या थोडं पुढे थांबा. ध्वनिसंयोजक तिथे बसून ऐकतो, त्यामुळे सगळं संतुलन त्याच जागेवरून ठरलेलं असतं. फक्त बरोबर मध्यरेषेवर उभे राहू नका. दोन्हीकडच्या सबवूफरचा खर्ज तिथे एकत्र येऊन फुगतो, चार पावलं बाजूला सरकलात की पुरे. चेहरा बघायचा असेल तर पहिली काही गाणी पुढे ऐका, मग मागे या. उलटा प्रवास कुणी करू देत नाही!

प्रश्न : स्क्रीनवर गायकाचे ओठ आधी हलत होते, आवाज मागून येत होता. शिवाय गाणी रेकॉर्डपेक्षा खालच्या पट्टीत वाटली. हे रेकॉर्ड लावून ओठ हलवणं तर नव्हे?
– एक वाचक, कोल्हापूर

ओठांवरून संशय घेऊ नका. आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. तुम्ही ७० मीटरवर असाल तर तो सेकंदाच्या पाचव्या हिश्शाएवढा उशिरा पोहोचतो, चित्र मात्र लगेच दिसतं. मैदानातल्या खांबांवरचे स्पीकरही मुद्दाम तेवढेच उशिरा वाजवतात, नाहीतर प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येईल. खरी खूण वेगळी आहे : माइक तोंडापासून दूर गेला तरी आवाज तसाच राहिला, तर शंका घ्या.

पट्टी उतरवणं ही फसवणूक नव्हे. साठी ओलांडलेल्या गळ्याला वरचे सूर रोज रात्री दोन-तीन तास झेपत नाहीत. दोन गाण्यांच्या मध्ये गिटार बदलली, तर बहुधा ती वेगळ्या सुरात लावलेली असते. वरची ओळ आली की माइक प्रेक्षकांकडे वळवायचा, ही तर जुनीच युक्ती. पण तुलना करण्याआधी रेकॉर्ड तपासा. ‘गन्स एन् रोझेस’ या अमेरिकन रॉक बँडच्या १९८७च्या पहिल्या अल्बमवरच गिटारी अर्ध्या सुराने उतरवलेल्या आहेत, म्हणजे हार्मोनियमच्या भाषेत सांगायचं तर सर्वांत जाड तार पांढरी तीनऐवजी काळी दोनला. तिथे मंचावरही काळी दोनच लागली, तर काहीच उतरवलेलं नाही.

प्रश्न : कार्यक्रमाहून आल्यावर रात्रभर कानात शिट्टी वाजत होती. पुढच्या वेळी १४ वर्षांची मुलगीही सोबत असेल. काय काळजी घ्यावी?
– एक वाचक, नाशिक

८५ डेसिबलचा आवाज आठ तासांपर्यंत चालतो असं धरतात. त्यापुढे दर ३ डेसिबलला ही वेळ निम्मी होते, म्हणजे १०० डेसिबलला जेमतेम १५ मिनिटं. रॉकच्या मैदानात पुढे उभं राहिलं तर ही मर्यादा दोन-तीन गाण्यांतच संपते.

फोमचे इअरप्लग स्वस्त असतात, पण ते उंच सूर जास्त दाबतात आणि गाणं गोधडीआडून ऐकल्यासारखं लागतं. पैसे घालवायचेच तर वादकांसाठी मिळणारे फिल्टरचे प्लग घ्या, सगळे सूर १५ ते २० डेसिबलने सारखेच कमी करणारे. मुलीसाठी लहान माप घ्या आणि घरीच घालून बघा. फोमचा प्लग नुसता खुपसून चालत नाही : बोटांनी वळून बारीक करा, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कानाचा वरचा भाग वर ओढा, प्लग आत सारा आणि फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोटाने धरून ठेवा. मध्येच बोलण्यासाठी काढत बसलात तर निम्मा उपयोग गेला.

शिट्टी साधारणतः एक-दोन दिवसांत थांबते. तोवर हेडफोन नको. दोन दिवसांनंतरही राहिली तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा. एका कानाने अचानक कमी ऐकू येऊ लागलं तर मात्र वाट न पाहता त्याच दिवशी जा, कारण उपचाराला उशीर झाला की गेलेलं ऐकणं परत मिळण्याची शक्यता कमी होत जाते.