डीमॉझवर साइट सुचवल्यावर महिनोन्महिने नोंद का होत नसे?

कारण डीमॉझ या स्वयंसेवकांनी चालवलेल्या, विषयवार वर्गांत मांडलेल्या वेबसाइटींच्या सूचीत क्रमवार रांगच नव्हती. तुमची साइट त्या वर्गाच्या ढिगात एक सूचना म्हणून पडे आणि स्वयंसेवक संपादक सवडीने, हव्या त्या क्रमाने ती पाहत. १९९८ मध्ये सुरू झालेल्या आणि त्याच वर्षी नेटस्केप या ब्राउझर बनवणाऱ्या कंपनीकडे गेलेल्या या ओपन डिरेक्टरी प्रोजेक्टची (डीमॉझचं अधिकृत नाव) रचनाच तशी होती: संपादकावर ढीग संपवण्याचं बंधन नव्हतं आणि न सुचवलेली चांगली साइटही तो स्वतःहून घालू शके. उशीर बहुतेकदा यामुळे वाढे:

- वर्ग चुकीचा निवडला, की संपादक सूचना दुसऱ्या वर्गाच्या ढिगात ढकले. तिथे पुन्हा वाट पाहणं.
- वर्णनात 'सर्वोत्तम', 'स्वस्तात मस्त' अशी जाहिरातबाजी असली, की ते सगळं नव्याने लिहावं लागे. साहजिकच आधी सोप्या सूचना उरकल्या जात.
- तीच साइट पुन्हा सुचवली, तर नवी सूचना जुनीच्या जागी बसे आणि तारीख पुढची होई; तारखेप्रमाणे सूचना पाहणाऱ्या संपादकाकडे ती मागे पडे. अधीर माणसाचं सर्वांत जास्त नुकसान इथेच होई.

मात्र वर्गाच्या पानावर संपादकाचं नाव नाही म्हणजे तो वर्ग बेवारस, असं समजू नका. वरच्या वर्गाच्या संपादकाला खालचे सगळे उपवर्ग हाताळता येत. डीमॉझ मार्च २०१७ मध्ये बंद झालं. तेच काम आता 'कर्ली' या नावाने चालतं.