लहान मुलांना पहिल्यांदा बेसबॉलच्या सामन्याला कुठे आणि कसं न्यावं?

प्रश्न: आम्ही नुकतेच पुण्याहून न्यू जर्सीत आलो. मुलगी साडेपाच वर्षांची, मुलगा तीनचा. घरात सगळे क्रिकेटवेडे, बेसबॉल कुणालाच कळत नाही. मुलांना एक सामना दाखवायचा आहे. सरळ न्यूयॉर्कला, यँकीज संघाच्या यँकी स्टेडियमला न्यावं का? आणि एवढी लहान मुलं तीन तास बसतील का?

उत्तर: यँकी स्टेडियमला जरूर न्या, पण दोन-तीन वर्षांनी. पहिला सामना ब्रिजवॉटरला दाखवा, सॉमरसेट पेट्रियट्सचा. आणि मुलांना तीन तास बसवायचं हा विचारच सोडून द्या. त्या वयाच्या मुलांना नऊपैकी चार-पाच इनिंग (दोन्ही संघांची एकेक पाळी झाली की एक इनिंग) आनंदात मिळाल्या तर भरपूर झालं. उरलेला सामना कुठे पळून जात नाही. मोठ्या लीगचा (मेजर लीगचा, यँकीज खेळतात तिचा) प्रत्येक संघ हंगामात 162 सामने खेळतो आणि त्यातले 81 घरच्या मैदानावर असतात, म्हणजे आपल्याकडच्या कसोटीसारखी 'हा चुकला तर पुन्हा कधी' अशी परिस्थिती इथे नाही.

ब्रिजवॉटर आपल्या लोकांना बालाजी मंदिरामुळे माहीत असतं. हे मैदान त्याच गावात, रॅरिटन व्हॅली या रेल्वे लाइनच्या ब्रिजवॉटर स्टेशनला लागून आहे. 1999 मध्ये बांधलेलं, साधारण सहा हजार प्रेक्षकांचं. पेट्रियट्स हा 2021 पासून यँकीजचा डबल-ए, म्हणजे खालच्या पायरीवरचा संघ आहे. मोठ्या लीगमधल्या तीसही क्लबांचे खाली चार पायऱ्यांवर असे संघ असतात: सिंगल-ए, हाय-ए, डबल-ए, ट्रिपल-ए. तरुण खेळाडू एकेक पायरी चढत वर जातात. यँकीजकडून खेळलेला अँथनी वोल्पी 2022 मध्ये याच ब्रिजवॉटरच्या मैदानावर खेळत होता, पुढच्या वर्षी तो यँकी स्टेडियमवर होता, आणि त्याच्या लहानपणाची काही वर्षं इथून जवळच वॉचंगला गेली. दुखापतीतून उठलेले यँकीजचे मोठे खेळाडूही अधूनमधून इथे एक-दोन सामने खेळून अंग मोकळं करून जातात. तेव्हा 'छोटं मैदान म्हणजे कमी दर्जाचा खेळ' असं मनात आणू नका.

मुलांच्या दृष्टीने छोट्या मैदानाचा खरा फायदा म्हणजे खेळाडू माणसांएवढे दिसतात. ब्राँक्सच्या यँकी स्टेडियमला वरच्या मजल्यावरून ते मुंग्यांएवढे दिसतात आणि तीन वर्षांचं मूल पाच मिनिटांत मोठ्या स्क्रीनकडे बघायला लागतं. ब्रिजवॉटरला कॅचरच्या (आपल्या विकेटकीपरसारख्या खेळाडूच्या) ग्लव्हमध्ये चेंडू बसतो तो आवाज सीटवर ऐकू येतो. खेळाडू डगआउटमधून (मैदानाकडेच्या त्यांच्या बसायच्या जागेतून) बाहेर येताना मुलांकडे बघून हात हलवतात. तिकीट स्वस्त असतं, त्यामुळे 'एवढे पैसे भरलेत, आता शेवटपर्यंत बसा' असा ताण आईबाबांवर येत नाही. धाकटा रडायला लागला तर दहा मिनिटांत गाडीत बसून घरी निघता येतं. ब्राँक्सहून सबवे आणि मग ट्रेन बदलत झोपलेलं मूल खांद्यावर घेऊन परतणं ही वेगळीच गोष्ट आहे.

वेळेचं म्हणाल तर परिस्थिती पूर्वीपेक्षा पुष्कळ सुधारली आहे. 2023 पासून मोठ्या लीगमध्ये पिचरला, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याला, घड्याळ लावलं. ठरलेल्या सेकंदांत चेंडू टाकायचाच. त्याआधीच्या हंगामात नऊ इनिंगांच्या सामन्याला सरासरी तीन तास चार मिनिटं लागत होती, ती एका वर्षात दोन तास चाळीस मिनिटांवर आली. खालच्या लीगमध्ये हे घड्याळ त्याच्याही आधी आलं होतं.

तरीही बेसबॉल हा थांबत थांबत चालणारा खेळ आहे. नवख्या मोठ्या माणसाला हे थांबणं कंटाळवाणं वाटतं, पण मला वाटतं, लहान मुलांना तोच भाग मानवतो. प्रत्येक अर्ध्या इनिंगनंतर दोन-सव्वादोन मिनिटांची फट असते. छोट्या मैदानांवर त्या फटीत काही ना काही चालू असतं: मुलांची शर्यत, प्रेक्षकांत टी-शर्ट फेकणं, मस्कॉटचा, म्हणजे संघाचं सोंग घेतलेल्या पात्राचा नाच. त्यातच शू, पाणी आणि 'आई, तो काका का बसलाय?' हेही होऊन जातं. प्रश्नाला उत्तर देईपर्यंत खेळ पुन्हा सुरू होतो आणि काहीही हुकलेलं नसतं. मुलाच्या शेजारी बसून निवांत बोलता येईल असे खेळ फार थोडे आहेत. फोन बाजूला ठेवा आणि त्या फटी मुलांना द्या.

आता खेळ समजावण्याबद्दल, कारण इथे आपण क्रिकेटवाले उत्साहाच्या भरात सगळे नियम एका दमात सांगायला जातो. मुलांना तीनच गोष्टी सांगा. उंचवट्यावरचा पिचर चेंडू टाकतो आणि बॅटरला तो मारायचा असतो. मारला की बॅट तिथेच टाकून धावायचं, तीन बेसना (जमिनीवरच्या चौकोनी गाद्यांना) पाय लावत पुन्हा होम प्लेटला, म्हणजे बॅटरच्या जागेला, यायचं, म्हणजे एक रन. आणि तीन जण आउट झाले की डाव दुसऱ्याकडे. बस. स्ट्राइक, बॉल, वॉक हे सगळं तिसऱ्या-चौथ्या सामन्यापर्यंत आपोआप कळतं.

तुमच्या स्वतःसाठी मात्र थोडं जास्त जाणून घ्या, म्हणजे तुम्हालाही गोडी लागेल. पिचर आणि होम प्लेट यांच्यातलं अंतर साडेसाठ फूट, म्हणजे आपल्या 22 यार्डांच्या खेळपट्टीहून कमी. चेंडू टप्पा न घेता येतो, बऱ्याचदा ताशी नव्वद मैलांच्या वर, आणि तो गोल दांडक्याने मारायचा. सपाट बॅट हातात घेऊन वाढलेल्या माणसाला हे किती कठीण आहे ते दोन चेंडूंत समजतं. दहापैकी तीन वेळा हिट मारणारा बॅटर उत्तम समजला जातो. 'सारखे आउटच होतायत' अशी तक्रार घरातून पहिल्याच इनिंगला येणार आहे, तेव्हा हे लक्षात ठेवा.

साडेपाच वर्षांच्या मुलीला एकच खेळाडू वाटून द्या. माझ्या मुलीला मी कॅचर दिला होता. मुखवटा, छातीवर कवच, पायाला पॅड, उकिडवं बसणं, मग एकदम उठून दुसऱ्या बेसवर चेंडू फेकणं: बघायला इतकं असतं की तिला दुसरं काही लागलंच नाही. आदल्या आठवड्यात घरी चार उशा मांडून धावायचा खेळ खेळा आणि प्लॅस्टिकच्या बॅटने अंगणात थोडं मारू द्या. मैदानावर पहिला धावणारा दिसला की मुलं त्याला लगेच ओळखतात, हे मी अनुभवाने सांगते. आजी-आजोबा भारतातून आले असतील तर त्यांनाही न्या. माझ्या सासूबाई सांगलीहून आल्या होत्या. त्यांना धावसंख्येत रस नव्हता, पण फिल्डरने सूर मारून घेतलेल्या झेलाला त्यांनी सगळ्यांच्या आधी टाळ्या वाजवल्या.

एका बाबतीत मात्र मी आग्रहाने सांगेन: सीट जाळीच्या मागेच घ्या. बॅटला निसटता लागलेला चेंडू प्रेक्षकांत येतो आणि तो फार वेगात येतो. सप्टेंबर 2017 मध्ये यँकी स्टेडियमवर एका लहान मुलीला असाच चेंडू लागून गंभीर इजा झाली. त्यानंतर 2018 च्या हंगामापासून तीसही मोठ्या क्लबांनी जाळी निदान दोन्ही डगआउटच्या टोकापर्यंत नेली. तिकीट काढताना नकाशात जाळी कुठवर आहे ते बघा, कळत नसेल तर क्लबला फोन करून विचारा. बॅटर तयार असताना मूल मांडीवर असेल तर तुमची नजर मैदानावरच हवी. प्रेक्षकांत आलेला चेंडू, आपल्याकडच्यासारखा परत न देता, ज्याला मिळेल त्याने घरी न्यायचा असतो आणि मुलांना त्याचं प्रचंड आकर्षण असतं. पण त्या आशेने जाळीबाहेर पहिल्या रांगेत तीन वर्षांच्या मुलाला बसवू नका. इनिंग संपल्यावर खेळाडूच बऱ्याचदा हातातला चेंडू एखाद्या लहान मुलाकडे टाकतात. छोटा ग्लव्ह घातलेलं मूल त्यांना लगेच दिसतं.

दुपारच्या सामन्याला सावली बघा. बहुतेक मैदानांची रचना अशी असते की होम प्लेटच्या मागे आणि तिसऱ्या बेसच्या बाजूला सावली आधी येते. जुलै-ऑगस्टमध्ये हा फरक मुलांना सोसेल की नाही इतका मोठा असतो.

खाण्याचं: शाकाहारी असाल तर हॉट डॉग सोडून पॉपकॉर्न, मऊ प्रेट्झल, फ्राइज, सालासकट भाजलेले शेंगदाणे आणि प्लॅस्टिकच्या छोट्या हेल्मेटमधलं आइस्क्रीम मिळतं. ते हेल्मेट घरी नेता येतं, म्हणून आइस्क्रीमला पर्याय नाही. शेंगदाण्यांची टरफलं सगळे पायाशीच टाकतात, तेव्हा मुलांपैकी कुणाला अ‍ॅलर्जी असेल तर आधी क्लबला विचारा. काही ठिकाणी शेंगदाणे वर्ज्य असलेला वेगळा भाग किंवा ठराविक दिवस असतात. छोट्या मैदानांवर बाहेरचं खाणं बऱ्याचदा चालत नाही, बाळाचं खाणं मात्र चालतं. यँकी स्टेडियम आणि सिटी फील्डला (न्यूयॉर्कच्या दुसऱ्या संघाच्या, मेट्सच्या मैदानाला) घरचे पोळीचे रोल नेता येतात. पिशवीचे नियम प्रत्येक ठिकाणी निराळे असतात, निघण्याआधी साइटवर वाचा. पैसे कार्डाने, तिकीट फोनवर. मांडीवर बसणाऱ्या दोन वर्षांखालच्या बाळाला बहुतेक ठिकाणी तिकीट लागत नाही, तुमच्या तीन वर्षांच्या मुलाला मात्र लागेल असं धरा.

आवाजाची तयारी ठेवा. शुक्रवारी-शनिवारी रात्री सामन्यानंतर अनेक मैदानांवर फटाके उडतात. दिवाळीची सवय असलेली मुलंही एवढ्या जवळून घाबरू शकतात, कान झाकणारे हेडफोन सोबत असू द्या. मस्कॉटचंही तसंच. ब्रिजवॉटरचा स्पार्की मायाळू आहे, पण तीन वर्षांच्या मुलाला तो आधी दुरून दाखवा आणि त्याला वाटलं तरच जवळ न्या. फोटोसाठी ढकलू नका.

मुलगी सात-आठ वर्षांची झाली की क्वीन्सला सिटी फील्डला न्या, मेट्सच्या सामन्याला. सात नंबरची ट्रेन दारात सोडते. मुख्य प्रवेशद्वारातून शिरताच जॅकी रॉबिन्सनच्या नावाचं गोल दालन लागतं आणि तिथे निळ्या रंगात भला मोठा 42 उभा आहे. तिथे थांबा आणि तिला सांगा की एकेकाळी या देशात काळ्या खेळाडूंना मोठ्या लीगमध्ये घेतच नसत. 15 एप्रिल 1947 ला ब्रुकलिनच्या संघाकडून रॉबिन्सन मैदानात उतरला आणि ती भिंत पडली. त्याचा 42 नंबर 1997 मध्ये सगळ्या संघांनी निवृत्त केला, आणि आता दर 15 एप्रिलला प्रत्येक खेळाडू तोच नंबर घालून खेळतो. जातीभेदाबद्दल मुलांशी कधीतरी बोलावं लागतंच. त्या वयाच्या मुलीला हे सांगायला मला याहून चांगली जागा न्यूयॉर्कमध्ये सापडलेली नाही.

पहिल्या सामन्यासाठी दिवस निवडायचा तर मे-जूनमधला रविवार बघा. एप्रिलमधल्या संध्याकाळी इथे चांगलीच थंडी असते. डबल-ए संघ मंगळवार ते रविवार खेळतात, आणि मे महिन्यात आठवड्याच्या मधल्या दिवशी सकाळी सामना दिसला तर तो बहुधा शाळांच्या सहलींसाठी असतो, म्हणजे कानठळ्या बसवणारा गोंगाट. रविवारी अनेक क्लब सामना संपल्यावर मुलांना खऱ्या बेसवरून धावू देतात. तुमच्या दिवशी ते आहे का, हे वेळापत्रकातच लिहिलेलं असतं. असेल तर चौथ्या-पाचव्या इनिंगला उशिराच पोचा, कारण शेवटचा भाग सांभाळायचा आहे. सातव्या इनिंगच्या मधोमध सगळं मैदान उभं राहून 1908 सालचं एक गाणं म्हणतं, तेही त्यात मिळेल. आत गेल्यावर ग्राहक सेवेच्या खिडकीवर 'पहिला सामना' असं सांगा. बऱ्याच मैदानांवर मुलाच्या नावाचं आणि तारखेचं प्रमाणपत्र फुकट देतात, पण मागितल्याशिवाय मिळत नाही.