पेन्शन गोठवली तर ती कपात धरायची का?

हो, कपातच. आकडा तोच राहतो, पण महागाई दरवर्षी ५ टक्के असेल तर ३ वर्षांनी १०,००० मध्ये आजच्या भावाने जेमतेम ८,६४० चाच माल येतो. म्हणजे साडेतेरा टक्के गेले. नंतर वाढ सुरू झाली तरी ती त्या घसरलेल्या रकमेवरच मोजतात, त्यामुळे खड्डा आयुष्यभर राहतो. किमान वेतनाचंही तेच.

म्हणून कुणी "आम्ही काहीच कापत नाही" म्हटलं, तर आधी विचारा: दरवर्षीची वाढ कशाला जोडली आहे? किमतींना जोडली तर खरेदीची ताकद टिकते. मात्र पगार त्याहून वेगाने वाढले, की पेन्शनवर जगणारी माणसं हळूहळू मागे पडतात. कशालाच जोडली नसेल, तर म्हाताऱ्या माणसाला औषध की भाडं, असं दर महिन्याला निवडावं लागतं.