वाचकांचे प्रश्न : जुना संगणक, सीएनसी मशीन आणि मधली केबल

प्रश्न : शिरोली औद्योगिक वसाहतीत माझे लहानसे वर्कशॉप आहे. त्यात फॅनुक ०आय कंट्रोलचे (मशीन चालवणाऱ्या नियंत्रकाचे) एक जुने व्हीएमसी, म्हणजे उभ्या स्पिंडलचे, संगणकी नियंत्रणाने धातू कापणारे सीएनसी मशीन असून शेजारच्या पेंटियम ४ संगणकावरून आम्ही केबलने त्याला प्रोग्राम पाठवत होतो. गेल्या महिन्यात संगणकाची हार्ड डिस्क गेली. नवी डिस्क बसवून विंडोज एक्सपी पुन्हा घातली आहे, पण प्रोग्राम पाठवण्याच्या सॉफ्टवेअरची सीडी सापडत नाही आणि केबलही एका टोकाला तुटलेली आहे. हा संगणक भंगारात काढून नवा लॅपटॉप आणि नवे सॉफ्टवेअर घ्यावे, असे एका विक्रेत्याचे म्हणणे आहे. याच संगणकावर काम पुन्हा सुरू करता येईल का? – एक वाचक, शिरोली, कोल्हापूर

उत्तर : नक्की करता येईल, आणि केबलखेरीज वेगळा खर्च न करता करता येईल. आपल्या संगणकाच्या मागच्या बाजूला नऊ पिनांचा जो सिरियल पोर्ट आहे, तो आजच्या लॅपटॉपवर मिळत नाही. आपल्या मशीनला नेमका तोच हवा असतो. म्हणून हा संगणक भंगारात काढू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

सॉफ्टवेअरची चिंता सर्वांत कमी करावी. विंडोज ९५ पासून एक्सपीपर्यंतच्या प्रत्येक आवृत्तीबरोबर हायपरटर्मिनल नावाचा प्रोग्राम येत असे. ॲक्सेसरीज, मग कम्युनिकेशन्स या मार्गाने गेल्यावर तो सापडतो. तेथे नसेल तर कंट्रोल पॅनेलमधील ‘ॲड ऑर रिमूव्ह प्रोग्राम्स’मध्ये जाऊन विंडोजचे घटक वाढवण्याच्या यादीतून तो बसवून घ्यावा, त्या वेळी एक्सपीची सीडी हाताशी ठेवावी. पहिल्यांदा उघडताना तो देश आणि दूरध्वनीचा एरिया कोड विचारतो, कारण तो मूळचा मॉडेमसाठी केलेला आहे. तेथे काहीही योग्य वाटेल ते भरावे. आपल्या कामाशी त्याचा संबंध नाही. जोडणीला नाव दिल्यानंतर ‘कनेक्ट युझिंग’ या रकान्यात मात्र मॉडेम न निवडता कॉम १, म्हणजेच हा सिरियल पोर्ट, निवडावा. कॉम १ यादीतच दिसत नसेल, तर संगणक सुरू होताना बायोसमध्ये (संगणकाच्या मूलभूत सेटिंगमध्ये) जाऊन सिरियल पोर्ट बंद ठेवलेला नाही ना, हे पाहावे.

पुढे जाण्यापूर्वी एक चाचणी करावी, कारण ती न केल्यामुळे अनेकांचे दिवसच्या दिवस वाया गेलेले मी पाहिले आहेत. मशीनची केबल न लावता, संगणकाच्या पोर्टमधील २ आणि ३ या पिना एका लहान तारेने एकमेकींना जोडाव्यात आणि हायपरटर्मिनलच्या खिडकीत काही अक्षरे टाइप करावीत. टाइप केलेली अक्षरे पडद्यावर उमटली तर पोर्ट आणि सॉफ्टवेअर दोन्ही ठीक आहेत. तार काढल्यावर अक्षरे उमटणे थांबले पाहिजे. एवढे झाले की यापुढे अडचण आलीच तर ती केबलमध्ये किंवा मशीनच्या सेटिंगमध्ये आहे, हे आपल्याला ठाऊक असते.

आता केबल. मशीनच्या बाजूला पंचवीस पिनांचा आणि संगणकाच्या बाजूला नऊ पिनांचा कनेक्टर लागतो. संगणकाची २ मशीनच्या २ ला, ३ ही ३ ला आणि ५ ही ७ ला जोडावी. एकाचे ‘पाठवणे’ दुसऱ्याच्या ‘घेणे’ला जोडायचे असते, म्हणून २ आणि ३ उलटसुलट करायला हव्यात, असे पुष्कळ जण सांगतात. तत्त्व बरोबर आहे, पण नऊ पिनांच्या कनेक्टरवर २ क्रमांकाची पिन ‘घेण्या’ची असते आणि पंचवीस पिनांच्या कनेक्टरवर २ क्रमांकाची पिन ‘पाठवण्या’ची असते, त्यामुळे आकड्यांना सरळ दिसणारी जोडणी प्रत्यक्षात उलटसुलटच झालेली असते. याशिवाय मशीनच्या कनेक्टरमध्येच ४ आणि ५ एकत्र, तसेच ६, ८ आणि २० एकत्र सोल्डर करावेत. संगणकाच्या बाजूला ७ आणि ८ एकत्र, आणि १, ४, ६ एकत्र. समोरचे उपकरण तयार आहे की नाही हे मशीन या पिनांवरून ओळखते. त्या मोकळ्या राहिल्या तर मशीनवर ०८६ क्रमांकाचा अलार्म येतो आणि बाकी सारे बरोबर असूनही काहीच हलत नाही.

केबल शील्ड (तारांभोवती धातूची जाळी) असलेली घ्यावी, शील्ड फक्त मशीनच्या बाजूला अर्थ करावी, आणि लांबी १५ मीटरच्या आत ठेवावी. ती स्पिंडल मोटर किंवा सर्व्होच्या जाड वायरींबरोबर एकाच नळीतून नेऊ नये. केबल लावताना आणि काढताना मशीन व संगणक दोन्ही बंद असावेत, ही सूचना मी आग्रहाने करतो. या पोर्टमध्ये विजेचे विलगीकरण नसते, आणि दोन्हीकडच्या अर्थिंगमध्ये फरक असला तर चालू स्थितीत केबल लावताच पोर्टची चिप जळू शकते. संगणकाची जळली तर थोडक्यात भागते, मशीनच्या बोर्डावरची जळली तर भागत नाही. संगणकाचा प्लग शक्यतो मशीनच्याच अर्थिंगवर असलेल्या पॉइंटमध्ये लावावा.

यानंतर दोन्हीकडचे आकडे जुळवायचे. हायपरटर्मिनलमध्ये वेग ४८००, डेटा बिट्स ७, पॅरिटी (चूक ओळखण्यासाठीची जादा बिट) इव्हन म्हणजे सम, स्टॉप बिट्स (अक्षर संपल्याची खूण) २ आणि फ्लो कंट्रोल (समोरच्याला ‘थांब’ किंवा ‘पाठव’ सांगण्याची पद्धत) एक्सऑन-एक्सऑफ असे ठेवावे. डेटा बिट्स ७ आणि पॅरिटी इव्हन हे विचित्र वाटते, पण त्यामागे कारण आहे. हे मशीन ज्या आयएसओ कोडात बोलते तो कागदी फितीच्या काळचा असून, त्यात प्रत्येक अक्षरासाठी फितीवर पाडलेल्या छिद्रांची संख्या सम ठेवलेली असे. आपल्या कंट्रोलवर प्रोग्राम बाहेर पाठवण्याच्या बटणावर आजही ‘पंच’ असेच लिहिलेले आहे, ते त्या फितीमुळेच.

मशीनवर पॅरामीटर (मशीनच्या अंतर्गत सेटिंगचा आकडा) २० मध्ये ० भरावे, म्हणजे पहिला पोर्ट आणि १०१ ते १०३ हे पॅरामीटर लागू होतात. १०१ मध्ये अगदी उजवीकडची बिट १ केली की दोन स्टॉप बिट्स होतात. १०२ मध्ये ० ठेवावे. १०३ मध्ये वेग भरायचा, पण थेट नव्हे. ४८०० साठी १०, ९६०० साठी ११, १९२०० साठी १२ असे सांकेतिक आकडे आहेत. कोणताही आकडा बदलण्यापूर्वी जुना आकडा वहीत लिहून ठेवावा. पॅरामीटर लिहिण्याची परवानगी सुरू केल्यावर १०० क्रमांकाचा अलार्म येतो. तो बिघाड नाही, परवानगी उघडी असल्याची आठवण आहे. काम झाल्यावर परवानगी बंद करून रिसेट करावे. आपल्या मशीनवर पूर्वीपासूनचे आकडे असतील आणि आधी सारे सुरळीत चालत असेल, तर मशीनला हात न लावता तेच आकडे संगणकावर भरणे अधिक शहाणपणाचे ठरेल.

प्रोग्राम पाठवताना क्रम महत्त्वाचा आहे. आधी मशीन एडिट मोडवर घ्यावे, प्रोग्राम प्रोटेक्टची किल्ली उघडी करावी आणि ‘रीड’ व ‘एक्झिक’ दाबावे. पडद्याच्या कोपऱ्यात एलएसके ही अक्षरे लुकलुकू लागली, की मशीन वाट पाहत आहे असे समजावे. मगच हायपरटर्मिनलच्या ट्रान्सफर मेनूतून ‘सेंड टेक्स्ट फाइल’ निवडावे. मशीनवरून संगणकावर घेताना क्रम उलटा : आधी संगणकावर ‘कॅप्चर टेक्स्ट’ सुरू करावे आणि नंतर मशीनवर ‘पंच’ करावे. फाइल नोटपॅडमध्ये साध्या मजकुराची असावी, तिची पहिली आणि शेवटची ओळ फक्त % या चिन्हाची असावी, आणि दुसऱ्या ओळीत O हे अक्षर व प्रोग्राम क्रमांक असावा. ०८५ क्रमांकाचा अलार्म आला तर वेग, पॅरिटी किंवा स्टॉप बिट्स यांपैकी काहीतरी दोन्हीकडे वेगळे आहे, हे नक्की.

या वेगाला एक अक्षर ११ बिटांचे होते, म्हणजे सेकंदाला सुमारे ४३६ अक्षरे जातात. एक लाख अक्षरांच्या प्रोग्रामला चार मिनिटांहून थोडा कमी वेळ लागेल. आठवडाभर ४८०० वर काम निर्वेध चालले की ९६०० करून पाहावे. घाई करू नये.

संपर्क जुळल्यानंतर पहिला प्रोग्राम पाठवण्याऐवजी पहिली गोष्ट म्हणून मशीनचे सगळे पॅरामीटर संगणकावर घ्यावेत, मग ऑफसेट (हत्यारांच्या व कामाच्या जागेच्या मापांचे आकडे), मग सर्व प्रोग्राम. हे सारे मशीनमध्ये बॅटरीच्या आधारावर टिकून असते. ती बॅटरी संपली, किंवा मशीन बंद असताना कोणी बदलली, तर पॅरामीटर पुसले जातात आणि मशीन उभे राहते. बॅटरी नेहमी मशीन चालू ठेवूनच बदलावी. घेतलेल्या फाइली पेन ड्राइव्हवर आणि दुसऱ्या एखाद्या संगणकावर ठेवाव्यात. आपली एक डिस्क नुकतीच गेली आहे, त्यामुळे याचे महत्त्व आपणास वेगळे सांगायला नको.

शेवटची सूचना इंटरनेटविषयी. एक्सपीला मायक्रोसॉफ्टचा आधार ८ एप्रिल २०१४ रोजी संपला. त्यामुळे हा संगणक इंटरनेटला मुळीच जोडू नये आणि त्यात येणारा पेन ड्राइव्ह आधी दुसऱ्या, अद्ययावत संगणकावर तपासून घ्यावा. केवळ मशीनशी बोलण्यासाठी वापरला तर तो अजून बरीच वर्षे साथ देईल.

प्रश्न : आमच्याकडे सिरियल पोर्ट असलेला संगणक नाही. लॅपटॉपला यूएसबी कन्व्हर्टर लावून फॅनुक कंट्रोलच्या मशीनला प्रोग्राम पाठवतो. छोटे प्रोग्राम व्यवस्थित जातात, मोठ्या प्रोग्राममध्ये मात्र मध्येच ०८७ क्रमांकाचा अलार्म येतो. केबल दोनदा बदलून पाहिली. – एक वाचक, चिंचवड

उत्तर : केबल ठीक असावी, ती चुकीची असती तर छोटे प्रोग्रामही गेले नसते. मशीनला आलेली अक्षरे साठवायला थोडीच जागा असते. ती भरत आली की मशीन संगणकाला ‘थांब’ असा संकेत पाठवते आणि जागा झाली की ‘पाठव’ असा. थांबण्याच्या संकेतानंतर साधारण दहा अक्षरांपर्यंत मशीन सांभाळून घेते; त्याहून अधिक आली तर ०८७ अलार्म देते. छोट्या प्रोग्राममध्ये थांबवण्याची वेळच येत नाही, म्हणून तो नीट जातो.

जेव्हा हा संकेत येतो, तेव्हा सॉफ्टवेअर लगेच थांबते, पण कन्व्हर्टरमध्ये आधीच भरलेली अक्षरे बाहेर पडत राहतात. यूएसबीवरून माहिती एकेक अक्षराने न जाता गठ्ठ्याने जाते, आणि एका गठ्ठ्यात ६४ पर्यंत अक्षरे असू शकतात. यावर उपाय असा, की प्रथम सॉफ्टवेअरमध्ये फ्लो कंट्रोल खरोखर एक्सऑन-एक्सऑफ आहे याची खात्री करावी, कारण बहुतेक ठिकाणी ते ‘नन’ किंवा ‘हार्डवेअर’ असते. त्यानंतर थांबण्याचा संकेत स्वतःच्या चिपमध्येच ओळखणारा कन्व्हर्टर घ्यावा. विकत घेताना दुकानदाराला हे स्पष्ट विचारावे. वेग कमी केल्याने थोडा फरक पडतो, पण चिपमध्ये साठलेली अक्षरे त्याने कमी होत नाहीत. ओळींमध्ये थोडी विश्रांती देण्याची सोय सॉफ्टवेअरमध्ये असेल तर तीही वापरून पाहावी.

हीच अडचण जुन्या संगणकाच्या खऱ्या पोर्टवरही येऊ शकते, कारण त्याच्या चिपमध्ये १६ अक्षरांचा साठा असतो. तेथे डिव्हाइस मॅनेजरमध्ये कॉम १ च्या प्रगत सेटिंगमध्ये जाऊन ट्रान्समिट बफरची (पाठवायच्या अक्षरांच्या साठ्याची) पट्टी अगदी डावीकडे आणली की काम होते. चिंचवडच्या वाचकांना मी आणखी एक सुचवीन : वर्कशॉपमध्ये एखादा जुना डेस्कटॉप पडून असेल, तर त्यात सिरियल पोर्टचे कार्ड बसवून तो मशीनपाशी कायमचा ठेवावा. लॅपटॉप चार्जिंगला लावून मशीनला जोडण्याची सवय बरी नाही, कारण दोन पिनांच्या ॲडॅप्टरमुळे त्याला अर्थिंगच नसते आणि त्यामुळे येणारा विजेचा ताण पोर्टवर पडतो.

प्रश्न : मशीनवरून घेतलेला प्रोग्राम एक्सपीच्या नोटपॅडमध्ये एकाच लांबलचक ओळीत दिसतो. फाइल बिघडली आहे का? – एक वाचक, सातारा

उत्तर : नाही. ओळ संपल्याची खूण म्हणून आपले मशीन फक्त लाइन फीड (पुढच्या ओळीवर जाण्याची खूण) पाठवत आहे, आणि एक्सपीच्या नोटपॅडला त्याबरोबर कॅरेज रिटर्नही (ओळीच्या सुरुवातीला परतण्याची खूण) लागतो. ती फाइल वर्डपॅडमध्ये उघडावी, ओळी वेगळ्या दिसतील. साठवताना मात्र प्रकार ‘टेक्स्ट डॉक्युमेंट’ हाच निवडावा. मशीनला परत पाठवताना ओळीअखेरचा कॅरेज रिटर्न ते दुर्लक्षित करते, त्यामुळे साठवलेली फाइल तशीच पाठवता येते. फाइलच्या सुरुवातीला किंवा शेवटी एखादे न ओळखता येणारे चिन्ह दिसले, तर ते मशीनचे नियंत्रण-चिन्ह असते. पाठवण्यापूर्वी ते पुसून टाकावे आणि % मात्र जागेवर राहू द्यावे.