फ्लाय बांधताना नजर साथ देत नसेल तर

नमस्कार. आपण लिहिले आहे की वयाच्या ५८ व्या वर्षी लातूरच्या घरी रात्री फ्लाय (हुकावर पिसे आणि धागा बांधून केलेले मासेमारीचे कृत्रिम आमिष) बांधायला बसल्यावर १६ नंबरच्या बारीक हुकाचे नेढे दिसेनासे झाले आहे, काळा धागा काळ्या पिसांत हरवतो, आणि तलावाच्या काठावर संध्याकाळी टिपेट (दोरीच्या टोकाचा, फ्लायला बांधायचा बारीक धागा) ओवण्यात इतका वेळ जातो की हा छंद सोडावा असे वाटू लागले आहे. आणखी जाड भिंग घ्यावे का, असा आपला प्रश्न आहे. छंद सोडण्याचे कारण मला मुळीच दिसत नाही. परंतु भिंगाची पाळी उजेड, पार्श्वभूमी आणि चष्म्याचा नंबर यांच्यानंतर येते, असे माझे ठाम मत आहे.

त्याआधी नेत्रतज्ज्ञांकडून तपासणी करून घ्यावी. चाळिशीनंतर डोळ्यातील नैसर्गिक भिंगाची लवचिकता कमी होते आणि जवळचे धूसर दिसू लागते, हे कुणालाच चुकत नाही. मात्र समोरून येणाऱ्या गाडीचा उजेड डोळ्यांत पसरत असेल किंवा पांढरे पीस पिवळट दिसत असेल, तर मोतीबिंदूची शक्यता असते. मधुमेह असल्यास बाहुली मोठी करून पडद्याची तपासणी दरवर्षी व्हायलाच हवी. सरळ रेषा वाकडी दिसणे, अचानक काळे ठिपके किंवा विजेसारखे चमकणे, नजरेसमोर एका बाजूने पडदा आल्यासारखे वाटणे, यांपैकी काहीही झाले तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

आता उजेडाविषयी. वयाबरोबर बाहुली लहान होत जाते आणि डोळ्यातील भिंग पिवळसर होते. त्यामुळे साठीच्या माणसाच्या दृष्टिपटलावर विशीतल्या तरुणाच्या तुलनेत साधारण एक तृतीयांशच प्रकाश पोहोचतो. ज्या ट्यूबलाइटखाली आपण तरुणपणी सहज काम केले, ती आज अपुरी पडते याचे कारण हेच आहे. व्हाइसच्या (हुक पकडून ठेवणाऱ्या शिकंज्याच्या) दोन्ही बाजूंना, हातभराच्या आत, वळवता येणारा एकेक एलईडी दिवा ठेवावा, आणि त्याची टोपी अशी वळवावी की उजेड हुकावर पडेल, डोळ्यांत येणार नाही. खोक्यावर ४००० ते ५००० केल्विन (उजेडाच्या रंगाचे माप) आणि सीआरआय (रंग किती खरे दिसतात याचा आकडा) ९० किंवा त्याहून अधिक असे लिहिलेला दिवा निवडावा, म्हणजे गडद निळा, काळा आणि गडद हिरवा हे धागे एकमेकांपासून वेगळे ओळखता येतात. भरपूर उजेडाचा आणखी एक मोठा लाभ आहे: बाहुली आकुंचन पावते, आणि त्यामुळे फ्लायचे डोके व शेपूट एकाच वेळी स्पष्ट दिसतात. हा लाभ कोणतेही भिंग देत नाही. उलट भिंग जितके जाड, तितका स्पष्ट दिसणारा पट्टा अरुंद होत जातो. आपल्याकडे विजेचा भरवसा नसल्याने एक दिवा चार्जिंगचा असावा. बारीक हुकांचे काम तर मी सकाळी उत्तरेकडच्या खिडकीशीच करावे असे सांगेन.

व्हाइसच्या मागे चमक नसलेला कागद उभा करावा. गडद फ्लायसाठी फिकट हिरवा किंवा साईच्या रंगाचा, फिकट फ्लायसाठी करडा किंवा निळा. पुस्तकांनी भरलेले कपाट मागे असेल तर तरुण डोळाही गोंधळतो. काळ्या धाग्याचा हट्ट सोडून द्यावा. संपूर्ण फ्लाय पांढऱ्या किंवा पिवळ्या धाग्याने बांधावी, आणि शेवटचे वेढे घेण्याआधी बॉबिनमधून (धाग्याची रीळ धरणाऱ्या साधनातून) बाहेर आलेला तेवढाच धागा काळ्या परमनंट मार्करने रंगवावा. डोके काळेच दिसते आणि प्रत्येक वेढा नजरेखाली राहतो. फ्लायच्या अंगावर अंतरा-अंतराने घ्यायच्या फितीच्या वेढ्यांसाठी पैठणच्या विणकरांकडे उरलेली जरीची तार मागून पाहावी. ती प्रकाशात चमकते, त्यामुळे वेढ्यांमधले अंतर सहज राखता येते.

चष्म्याच्या बाबतीत प्रोग्रेसिव्ह काचा या कामात अडचणीच्या ठरतात, कारण जवळचा नंबर काचेच्या खालच्या भागात असतो आणि व्हाइस मात्र नजरेसमोर असते. मग हनुवटी वर करून बसावे लागते आणि मान धरते. यावर उपाय म्हणजे या कामापुरता एकाच नंबरचा वेगळा चष्मा. नेहमीप्रमाणे बसून डोळ्यापासून हुकापर्यंतचे अंतर कुणाकडून तरी टेपने मोजून घ्यावे आणि चष्मेवाल्याला सेंटिमीटरमध्ये सांगावे. अधिक २.५ ची काच सुमारे ४० सेंटिमीटरवर जुळते, अधिक २ ची ५० वर. दूरचा नंबर असल्यास तो यात मिळवावा लागतो.

एवढे करूनही १६ किंवा १८ नंबरचा हुक जड जात असेल, तर घड्याळ दुरुस्त करणारे वापरतात तसे डोक्याला लावायचे दोन्ही डोळ्यांचे भिंग घ्यावे. पावणेदोन पट मोठे दाखवणारे भिंग साधारण ३५ सेंटिमीटरवर काम करू देते, अडीच पटीचे मात्र २० सेंटिमीटरवर, आणि तेवढ्या जागेत बॉबिन व कात्री चेहऱ्याला लागू लागतात. दोन पटींच्या पुढे जाऊ नये. टेबलावरचे मोठे भिंग असेल तर काम संपताच त्यावर कापड टाकावे; मराठवाड्यातल्या उन्हात खिडकीशी उघडे राहिलेले भिंग पिसे आणि कागद पेटवू शकते.

काठावरची अडचण बरीचशी घरीच सोडवता येते. फ्लायच्या डोक्यावर लावलेला व्हार्निश ओला असतानाच प्रत्येक नेढ्यातून सुई फिरवावी. काठावर न ओवल्या जाणाऱ्या कित्येक फ्लाय केवळ नेढे बुजल्यामुळे हट्ट करतात. हातभर टिपेट बांधलेल्या आणि टोकाला फासा केलेल्या काही फ्लाय फोमच्या तुकड्यावर गुंडाळून न्याव्यात. लीडरच्या (मुख्य दोरीला जोडलेल्या निमुळत्या धाग्याच्या) टोकालाही फासा असला की फाशात फासा अडकवायचा, आणि हे काम बोटांच्या स्पर्शानेही होते. शिवाय मरळ किंवा चिलापीसाठी १८ नंबरचा हुक लागतच नाही. मरळीसाठी तर मोठेच हुक योग्य. ०.१५ मिलिमीटरचे ५एक्स टिपेट हिमाचलातल्या तीर्थन खोऱ्यातल्या ट्राउट माशांसाठी राखून ठेवावे, इथे चिलापीसाठी ०.२० मिलिमीटरचे ३एक्स पुरते आणि ते दिसतेही. ओवताना टोक तिरपे कापावे आणि हुक आकाशासमोर किंवा पांढऱ्या रुमालासमोर धरावा. पाण्यावरची फ्लाय दिसत नसेल तर तिच्यावर गुलाबी किंवा नारिंगी धाग्याची शेंडी ठेवावी. काठावर पोलराइज्ड (पाण्यावरची चमक कमी करणारा) चष्मा हवाच, तो हुकापासूनही डोळा वाचवतो. त्याच्या तळाशी जवळचा नंबर बसवून मिळतो.

तपासणीत मोतीबिंदू निघाला आणि शस्त्रक्रिया ठरली, तर भिंग निवडण्याआधी वर सांगितलेले मोजलेले अंतर शल्यचिकित्सकांना अवश्य सांगावे. साधे कृत्रिम भिंग एकाच अंतरासाठी असते. दूरचे निवडले तर व्हाइससाठी चष्मा लागेल, जवळचे निवडले तर पाण्यावरची फ्लाय पाहण्यासाठी. नंबर स्थिर व्हायला काही आठवडे लागतात. कामाचा नवा चष्मा त्यानंतरच करावा, आणि तलावाचे पाणी व धूळ यांपासून डोळा किती दिवस जपायचा हे डॉक्टरांकडून लिहून घ्यावे.